जिरात एपिकच्या वर अजून एक मजला: प्रीमियमचे पैसे वसूल होतात का?

आधीच सांगते, हा रिव्ह्यू अख्ख्या जिराचा (टीमची कामं नोंदवून त्यांचा माग ठेवायचं सॉफ्टवेअर) नाहीये. जिरा बरं की वाईट यावर आयटीतल्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये दोन तास भांडण होऊ शकतं आणि मला त्यात पडायचं नाही. मी एकाच गोष्टीबद्दल लिहितेय, एपिक (मोठं काम), स्टोरी (त्यातला एक भाग), सबटास्क (त्यातलं बारीक काम) या तीन लेव्हल जिरात आयत्या मिळतात, त्यांच्यावर आपली स्वतःची अजून एखादी लेव्हल टाकायची सोय. ही फक्त प्रीमियम आणि एंटरप्राइझ प्लॅनमध्ये आहे, आणि स्टँडर्डवरून प्रीमियमला जायचं का यावर आमच्या ऑफिसात बरंच डोकं खाऊन झालं. शोधायला गेले तर जे सापडलं ते एकतर अ‍ॅटलासियनचं (म्हणजे जिरा बनवणाऱ्या कंपनीचं) स्वतःचं डॉक्युमेंटेशन, नाहीतर कुणीतरी आपलं अ‍ॅड-ऑन खपवतंय. वापरणाऱ्या माणसाने लिहिलेलं काही दिसेना, म्हणून हे.

थोडं आमच्या कामाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुण्यातली मध्यम आकाराची कंपनी, आम्ही साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. ऊस नोंद, तोडणी प्रोग्राम, तोडणी-वाहतूक करार, वजनकाटा, ऊस बिलं, गोदाम, सगळं. या धंद्यात तारीख आपल्या हातात नसते. हंगाम कधी सुरू करायचा ते मंत्री समितीच्या बैठकीत ठरतं, आणि एकदा गव्हाणीत मोळी पडली की काट्यावर ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, तेव्हा 'पुढच्या स्प्रिंटला (कामाच्या पुढच्या टप्प्याला) देतो' म्हणायची सोय नाही. ऊस कारखान्यात आला की १४ दिवसांच्या आत एफआरपीचे (सरकारने ठरवलेल्या किमान ऊस दराचे) पैसे द्यायचे हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम, आणि उशीर झाला की वर्षाला १५ टक्के व्याज, त्यामुळे बिलाचं मॉड्यूल अर्धवट ठेवून चालतच नाही. म्हणजे वरून बघणाऱ्याला 'हे हंगामाच्या आधी होतंय की नाही' एवढंच हवं असतं आणि ते त्याला लगेच हवं असतं.

आता तीन लेव्हलमध्ये हे कसं बसतं बघा. एपिक असतो 'करार आणि उचल'. त्याच्याखाली स्टोरी, 'मुकादमाच्या करारात जामीनदारांची नोंद'. तिच्याखाली सबटास्क, स्क्रीन, रिपोर्ट, टेस्टिंग. टीमचं यावर मस्त चालतं, कुणाची तक्रार नाही. अडतं कुठे, तर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांचा फोन येतो, "मॅडम, आमचं तोडणी-वाहतुकीचं कुठवर आलं?" वाक्य एक, पण उत्तर तीन टीमच्या पाच-सहा एपिकमध्ये पसरलेलं. करार एका टीमकडे, चिटबॉय (कारखान्याचा शेतावरचा कर्मचारी) शेतात जे मोबाइल अ‍ॅप वापरतो ते दुसरीकडे, आणि काट्याशी जोडायचं काम तिसरीकडे. मग मी फिल्टर लावायचे, एक्सेलला काढायचे, लाल-हिरवे रंग भरायचे, सरांना पाठवायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते एक्सेल शिळं. स्टँडर्डमध्ये यावर जे जुगाड लोक करतात (लेबल लावा, कंपोनंट लावा, 'रिलेट्स टू'ची लिंक टाका) ते सगळं आमच्याकडे होतं. लेबलचं काय होतं माहितीये ना, कुणी 'तोडणी' लिहितं, कुणी 'तोडणी-वाहतूक', कुणी इंग्रजीत 'टीएचटी', आणि प्रत्येक फिल्टर वेगळा आकडा देतो.

तर प्रीमियम. लेव्हल टाकणं स्वतः म्हणाल तर हास्यास्पद सोपं आहे. अ‍ॅडमिनने सेटिंग्जमध्ये जायचं, जिथे वर्क टाइप असतात (पूर्वी इश्यू टाइप म्हणायचे, २०२५ पासून अ‍ॅटलासियनने सगळीकडे 'इश्यू'चं 'वर्क आयटम' करून ठेवलंय, जुन्या लोकांची जीभ अजून वळत नाही), तिथे हायरार्कीचं (लेव्हलच्या उतरंडीचं) पान असतं. एपिक लेव्हल १, स्टोरी-टास्क-बग लेव्हल ०, सबटास्क उणे १. वर 'क्रिएट लेव्हल', नाव द्या, आणि त्या लेव्हलला कुठला वर्क टाइप लागू ते निवडा. झालं. चहा आणायला गेलेला माणूस परत यायच्या आत होतं.

पण थांबा, इथे बरेच जण अडकतात. लेव्हल आणि वर्क टाइप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'डिलिव्हरी' नावाची लेव्हल केली म्हणजे 'डिलिव्हरी' नावाचा आयटम तयार करता येईल असं नाही, तो वर्क टाइप आधी वेगळा बनवायचा, मग लेव्हलला जोडायचा, आणि मग ज्या ज्या प्रोजेक्टमध्ये (याचंही नाव आता 'स्पेस' झालंय) तो दिसायला हवा त्यांच्या वर्क टाइप स्कीममध्ये तो घालायचा. शेवटची पायरी राहिली की 'क्रिएट'च्या यादीत तो टाइप येतच नाही आणि माणूस हायरार्कीच्या पानावर जाऊन काय चुकलं ते शोधत बसतो. दुसरं, आधीच वापरात असलेला एखादा साधा टाइप, समजा टास्क, उचलून वरच्या लेव्हलला नेऊ नका, त्या टाइपचे जुने सगळे आयटम वर जातात आणि त्यांची एपिकशी असलेली नाती तुटतात. नवीन टाइपच करा. आणि हे सगळं अख्ख्या साइटला लागू होतं, एका टीमपुरतं नाही. बाजूच्या टीमने 'आम्हाला नको' म्हटलं तरी लेव्हल त्यांच्याही साइटवर आहे, त्यांनी वापरली नाही तर रिकामी राहील एवढंच. टीम-मॅनेज्ड (टीम स्वतः सेट करते त्या) प्रकारचे प्रोजेक्ट असतील तर त्यांची तीन लेव्हलची रचना त्यांच्यापाशी, हा सगळा खेळ कंपनी-मॅनेज्डचा (अ‍ॅडमिन सेट करतो त्यांचा) आहे, त्यामुळे आधी आपले प्रोजेक्ट कुठल्या प्रकारचे आहेत ते बघून घ्या, प्रीमियम घेतल्यावर नाही.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि तीन स्टार कमी करावेसे वाटतात तो. मजला फक्त वर चढवता येतो. मध्ये घालता येत नाही, खाली तर नाहीच नाही. म्हणजे एपिक आणि स्टोरीच्या मध्ये 'फीचर' हवं असेल, जे अर्ध्या जगाला हवं असतं, तर तशी सोय नाही. सबटास्कच्या खाली अजून एक पायरी हवी असेल तर तेही नाही. मधल्या मजल्यावर एक उपाय आहे, जो ऐकायला विचित्र वाटतो पण चालतो, एपिकचंच नाव बदलून 'फीचर' करायचं आणि वर नवीन लेव्हल टाकून तिला 'एपिक' म्हणायचं. आतून यंत्रणेच्या दृष्टीने लेव्हल १ ती लेव्हल १च राहते, फक्त पाटी बदलते. नवीन सुरुवात करणाऱ्यांनी जरूर करावं. पण जिथे चार-पाच वर्षांचे एपिक पडलेत, रिपोर्ट बनलेत, लोकांच्या तोंडात शब्द बसलेत, तिथे एका सोमवारी सकाळी सगळ्या एपिकचं फीचर झालं तर काय गोंधळ होईल याचा विचार करा. आम्ही नाही केलं.

खालच्या बाजूचं मला तितकं वाईट वाटत नाही, उलट बरंच झालं म्हणेन. सबटास्कच्या खाली ज्यांना अजून लेव्हल हवी असते त्यांना बहुतेक वेळा चेकलिस्ट हवी असते. डिस्क्रिप्शनमध्ये टिक करायच्या चौकटी टाकता येतात, त्या टाका, विषय संपवा. सबटास्क आधीच पुरेसे हट्टी आहेत, ते आईच्याच (म्हणजे ज्या आयटमखाली आहेत त्याच्याच) प्रोजेक्टमध्ये राहतात, आईच्याच स्प्रिंटमध्ये जातात, त्यांच्यावर स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) टाकले तरी व्हेलॉसिटीच्या (टीम दर स्प्रिंटला किती काम संपवते त्या) रिपोर्टला ते मोजले जात नाहीत. अजून एक पायरी खाली दिली असती तर लोकांनी 'ईमेल पाठवणे' नावाचे आयटम केले असते. करतातच.

आता जरा ऑफिसातलं भांडण सांगते, कारण खरा निर्णय तिथे होतो, सॉफ्टवेअरमध्ये नाही. आमच्या सरांची कल्पना अशी होती की सगळ्यात वर कारखाना, त्याखाली मॉड्यूल, त्याखाली रिलीज, मग एपिक, स्टोरी, सबटास्क. सहा लेव्हल. व्हाइटबोर्डवर फार सुंदर दिसत होतं. "एका स्क्रीनवर कारखाना निवडला की खालचं सगळं उलगडलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नाहीये, मागणी बरोबर आहे. पण मी म्हटलं, सर, कारखाना कधी 'डन' होणार? तो काही संपणार नाही (निदान आपल्याला तसं नकोय). ऊस बिलाचं मॉड्यूल कधी संपणार? तेही नाही, दर हंगामाला त्यात काहीतरी येणार. जो आयटम कधीच बंद होणार नाही त्याला स्टेटस कशाला, ड्यू डेट कशाला, टक्के कशाला? तो कायम ६० टक्क्यांवर लटकलेला दिसणार आणि एक दिवस लोक ती लेव्हल बघायचं सोडून देणार.

यावर बरंच झालं. शेवटी आम्ही एक कसोटी लावली, की लेव्हल तिलाच म्हणायचं जिच्यातला प्रत्येक आयटम कधीतरी पूर्ण होतो आणि ज्याच्यासाठी एक माणूस उत्तर देतो. बाकी सगळं वर्गीकरण, म्हणजे कारखाना कुठला, मॉड्यूल कुठलं, हे फील्डमध्ये जाणार. कारखान्यासाठी ड्रॉपडाउन फील्ड (लेबल नाही, टाइप करायची मुभाच द्यायची नाही), मॉड्यूलसाठी कंपोनंट, रिलीजसाठी जिरातलं व्हर्जन जे मुळात त्याच कामासाठी आहे आणि ज्याच्याकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. सहातल्या वरच्या तिन्ही लेव्हल इथेच गळाल्या. एपिकच्या वर त्यांच्या जागी आली एकच. तिला आम्ही 'डिलिव्हरी' म्हणतो, म्हणजे 'अमुक कारखाना, तोडणी-वाहतूक, हंगामाआधी चालू' असा आयटम. तो सुरू होतो, संपतो, त्याला तारीख आहे, त्याला मालक आहे. शेतकी अधिकारी जे विचारतात नेमकं तेच तो आयटम आहे. सर आधी नाराज होते, मग म्हणाले बघू.

हे इतकं लांबवून सांगितलं कारण हायरार्की विकत घेताना सगळे 'किती लेव्हल मिळतात' विचारतात. जिरात एपिकच्या वर एकाहून जास्त लेव्हल टाकता येतात, त्यामुळे तो प्रश्न नाहीच. इथे मोह आवरणं हे काम आहे. आयटमला पॅरेंट (ज्याच्याखाली तो असतो तो वरचा आयटम) एकच असतो हे लक्षात ठेवा. आमचा वजनकाट्याचा एक एपिक दोन कारखान्यांना लागतो, मग तो कुणाच्या खाली टाकायचा? एका डिलिव्हरीखाली टाकला, दुसरीला लिंक केली, म्हणजे दुसरीच्या प्रगतीत तो मोजला जात नाही. यावर स्वच्छ उत्तर नाहीये. जितक्या लेव्हल जास्त तितके असे पेच जास्त.

लेव्हल टाकल्यावर ती दिसते कुठे, हा पुढचा धक्का. प्रोजेक्टच्या आतल्या टाइमलाइनवर एपिक आणि त्याखालचंच दिसतं. बॅकलॉगच्या (करायच्या कामांच्या यादीच्या) बाजूला जी एपिकची पट्टी असते तिथेही नवीन लेव्हल नाही. दिसते ती 'प्लॅन्स'मध्ये, ज्याला आधी अ‍ॅडव्हान्स्ड रोडमॅप्स म्हणायचे आणि त्याच्याही आधी पोर्टफोलिओ फॉर जिरा. (या लोकांना नावं बदलायचा काय सोस आहे कळत नाही.) म्हणजे खरं तर प्रीमियमचे पैसे आपण लेव्हलसाठी देत नाही, प्लॅन्ससाठी देतो, लेव्हल त्याच्यासोबत येते.

आणि प्लॅन्स चांगलं आहे. हे मोकळेपणाने सांगते. तिन्ही टीमचे प्रोजेक्ट एका प्लॅनमध्ये घेतले, वर हायरार्की 'डिलिव्हरी ते एपिक' एवढीच ठेवली, कारखान्याच्या फील्डवर फिल्टर लावला, आणि सरांना हवी होती ती स्क्रीन मिळाली, कारखाना लेव्हल न बनवताच. खालच्या आयटमच्या तारखा वर गोळा करून दाखवायची सोय आहे, म्हणजे डिलिव्हरीला हाताने तारीख टाकली नसली तरी खालचा सगळ्यात उशिराचा एपिक कुठवर जातोय ते पट्टीवर दिसतं. ज्या दिवशी पहिल्यांदा मोबाइल अ‍ॅपच्या एपिकची पट्टी हंगामाच्या तारखेच्या पलीकडे गेलेली दिसली त्या दिवशी मीटिंगमध्ये जे बोलणं झालं ते एरवी महिनाभराने, आरडाओरडा करून झालं असतं. ज्यांचा पॅरेंटच लावलेला नाही असे आयटम प्लॅनमध्ये वेगळ्या गटात दिसतात, सुरुवातीला तो गट बघून लाज वाटते, पण साफसफाई करायला तेच कामाला येतं. जेक्यूएलमध्ये (जिरात शोधायची भाषा) वरच्या आयटमखालचं सगळं, कितीही लेव्हल खाली असलं तरी, एका फंक्शनने मिळतं. माझं रंगीत एक्सेल तिथे संपलं.

दोन गोष्टी नवीन माणसाला सांगायलाच हव्यात. प्लॅनमध्ये पट्टी ओढली, तारीख बदलली, तरी ती खऱ्या आयटमवर लगेच जात नाही, वरच्या बदलांच्या बटणातून तपासून सेव्ह करावं लागतं. काय-झालं-तर करून बघायला हे फार छान आहे, पण 'मी तर बदललं होतं' या वाक्याने सुरू होणारे वादही इथूनच येतात. आणि एका प्लॅनला ५००० आयटमची मर्यादा आहे, त्यामुळे जुनं बंद झालेलं सगळं ओढून आणू नका.

आता जे आपोआप होईल असं वाटतं पण होत नाही ते. खालच्या सगळ्या स्टोरी बंद झाल्या म्हणून एपिक बंद होत नाही, सगळे एपिक बंद झाले म्हणून डिलिव्हरी बंद होत नाही. उलटंही, खाली उघड्या स्टोरी असताना एपिक बिनदिक्कत बंद करता येतो. स्टोरी पॉइंटची बेरीज प्लॅनमध्ये दिसते पण वरच्या आयटमच्या स्वतःच्या फील्डमध्ये येऊन बसत नाही. या सगळ्याला ऑटोमेशनचे नियम लिहावे लागतात. 'सगळी मुलं डन झाली की पॅरेंट डन' याचा तयार साचा मिळतो, तो एपिकसाठी एक आणि वरच्या लेव्हलसाठी एक असा लावावा लागतो. इथे प्लॅनचा फरक परत आडवा येतो, स्टँडर्डमध्ये महिन्याला सगळ्यांचे मिळून १७०० वेळा नियम चालतात, प्रीमियममध्ये दर युजरमागे १०००, म्हणजे शंभर माणसांच्या ऑफिसला एक लाख. लेव्हल वाढली की नियम वाढतात, त्यामुळे हा आकडा वाटतो तितका फुकाचा नाही.

बोर्डावरची एक कटकट टाळायची असेल तर वरच्या लेव्हलचे आयटम टीमच्या प्रोजेक्टमध्ये ठेवूच नका, त्यांना वेगळा प्रोजेक्ट करा, साधा वर्कफ्लो द्या, तयार करायचा हक्क दोन-तीन जणांनाच ठेवा. डेव्हलपरला त्याच्या बोर्डावर 'अमुक कारखाना, हंगामाआधी चालू' हे कार्ड दिसून काही उपयोग नाही, त्याचं डोकं फिरेल फक्त. आमच्या टीममधल्या एका मुलाने विचारलंच होतं, "ताई, हे मी करायचंय का?"

पैसे. दर वरखाली होत असतात म्हणून आकडा लिहीत नाही, पण प्रीमियम हे स्टँडर्डच्या जवळपास दुप्पट पडतं आणि मुख्य म्हणजे ते सगळ्यांना घ्यावं लागतं. प्लॅन्स बघणारे आम्ही सहा-सात जण, पण पैसे टेस्टिंगच्या शेवटच्या ट्रेनीपर्यंत सगळ्यांचे. 'मॅनेजर लोकांना प्रीमियम, बाकीच्यांना स्टँडर्ड' असं एकाच साइटवर करता येत नाही. माझ्या मते ही या सोयीची सगळ्यात कमकुवत बाजू. एक टीम असेल, वीस माणसं असतील, तर अजिबात घेऊ नका, एपिक आणि एक नीट ड्रॉपडाउन फील्ड यात काम भागतं. तीनेक टीम एकमेकांवर अवलंबून आहेत आणि बाहेरून तारीख लादलेली आहे अशी स्थिती असेल तरच हिशेब जुळायला लागतो. आमचा जुळला, जेमतेम. त्यातही लेव्हलपेक्षा प्लॅन्समुळे.

आता तुलना हवीच, म्हणून अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्स, मायक्रोसॉफ्टचं असंच टूल. आधीच्या नोकरीत तेच होतं त्यामुळे हात बसलेला आहे. तिथे अ‍ॅजाइल प्रोसेस (कामाचा तयार साचा) घेतली तर एपिक, फीचर, यूजर स्टोरी, टास्क अशा चार लेव्हल पहिल्या दिवसापासून मिळतात, म्हणजे जिरात जो मधला मजला मागून मिळत नाही तो इथे बांधूनच दिलेला आहे. बेसिक घेतली तर तीनच, एपिक, इश्यू, टास्क. वर अजून लेव्हल टाकायची तर मूळ प्रोसेसला हात लावता येत नाही, तिच्यावरून स्वतःची इन्हेरिटेड प्रोसेस काढायची, तिच्यात बॅकलॉग लेव्हल्सच्या टॅबवर जाऊन नवा पोर्टफोलिओ बॅकलॉग टाकायचा, प्रोजेक्ट त्या प्रोसेसवर आणायचा. पोर्टफोलिओच्या एकूण ५ लेव्हलपर्यंत जाता येतं. मध्ये घुसवता इथेही येत नाही आणि टास्कच्या खालीही नाही, म्हणजे मूळ आजार दोघांनाही आहे. पण यासाठी वेगळा महाग प्लॅन घ्यावा लागत नाही, हा फरक छोटा नाहीये. आणि प्रत्येक टीम आपल्याला कुठल्या लेव्हल दिसाव्यात ते स्वतः ठरवू शकते, एपिक नको असेल तर टीमच्या सेटिंगमधून बंद. 'ताई, हे मी करायचंय का' हा प्रश्न तिथे येत नाही.

तिथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट एरिया पाथ. वर्गीकरणाची ही वेगळी उतरंड आहे, १४ लेव्हल खोल जाते, वर्क आयटमच्या हायरार्कीशी तिचा संबंध नाही. कारखाना, मॉड्यूल, सबमॉड्यूल हे सगळं तिच्यात घाला आणि संपणारं काम एपिक-फीचरमध्ये ठेवा. आमच्या व्हाइटबोर्डवरचं भांडण तिथे झालंच नसतं, कारण दोन गोष्टींना दोन जागा आधीच आहेत. जिरात कंपोनंट सपाट असतात, कंपोनंटच्या आत कंपोनंट नाही, म्हणून लोक वर्गीकरणसुद्धा लेव्हलमध्ये कोंबतात असं माझं मत झालंय.

अजून एक, ज्यांचा जीव एक्सेलमध्ये आहे त्यांच्यासाठी. विंडोजवरच्या एक्सेलला अ‍ॅझ्युअरचं अ‍ॅड-इन बसतं, त्यात 'अ‍ॅड ट्री लेव्हल' असं बटणच आहे. दाबलं की टायटल १, टायटल २, टायटल ३ असे कॉलम होतात, एपिक पहिल्यात लिहा, फीचर दुसऱ्यात, स्टोरी तिसऱ्यात, पब्लिश करा, पॅरेंट-चाइल्ड सगळं लागून वर जातं. नवीन कारखाना आला की ढीगभर आयटम एकदम करायचे असतात तेव्हा याला तोड नाही. जिरात सीएसव्हीने आणता येतं, पण पॅरेंटचे कॉलम जुळवून, आधी वरचे मग खालचे, असं सांभाळून करावं लागतं.

अ‍ॅझ्युअरमध्ये एकच सावधगिरी, एकाच प्रकारच्या आयटमखाली त्याच प्रकारचा आयटम टाकू नका, म्हणजे स्टोरीखाली स्टोरी. लिंक होते, कुणी अडवत नाही, पण बोर्डावर आणि बॅकलॉगच्या क्रमात गडबड होते, त्यांचं डॉक्युमेंटेशनही नकोच म्हणतं. दिसायला मात्र जिरापेक्षा कोरडं आहे, प्लॅन्सच्या तोडीची ओढाओढी करून बघायची मजा तिथल्या डिलिव्हरी प्लॅन्समध्ये नाही. रोलअपचे कॉलम मात्र मस्त, बॅकलॉगमध्येच प्रगतीची पट्टी नाहीतर खालच्या पॉइंटची बेरीज लावून ठेवता येते.

बाकीच्यांवर फार वेळ घालवत नाही. गिटहबने २०२५ मध्ये सब-इश्यू सगळ्यांना दिले, ८ लेव्हलपर्यंत खोल जातात आणि एका आयटमखाली १०० पर्यंत ठेवता येतात, नुसती डेव्हलपर मंडळी असतील तर ते पुरेल, पण शेतकी अधिकाऱ्याला दाखवायची स्क्रीन नाही ती. गिटलॅबमध्ये एपिकच्या आत एपिक सात लेव्हल जातात, पण त्यासाठी सगळ्यात वरचा अल्टिमेट प्लॅन, म्हणजे पुन्हा तीच गोष्ट. ओपनप्रोजेक्ट आणि रेडमाइन फुकट आहेत, आपल्या सर्व्हरवर टाका, पॅरेंट लावत हवं तितकं खोल जा, मध्ये घुसवा, खाली टाका, कुणी विचारत नाही. मला रेडमाइनबद्दल जुना जिव्हाळा आहे, पॅरेंटची तारीख आणि टक्के खालच्यावरून काढायचे की स्वतंत्र ठेवायचे हे सेटिंगमध्ये सरळ विचारतं, लपवाछपवी नाही. पण तिथे लेव्हलला नाव नसतं. कुठलाही आयटम कुठल्याही आयटमखाली जातो, त्यामुळे बगच्या खाली रिलीज आणि रिलीजखाली टायपो असे प्रकार होतात, आणि ते आवरायला एक कडक माणूस लागतो. तो असेल तर फुकटात काम होतं.

जिराच्या या सोयीला पाचपैकी साडेतीन. तीन स्टार कापणार होते मघाशी, प्लॅन्सने वाचवलं. घ्यायचं ठरवलंच तर आधी चाचणीचा काळ चालू करायच्या अगोदर कागदावर ठरवा की वरच्या लेव्हलला काय म्हणणार आणि तिथला एक खरा आयटम, मालकाच्या नावासकट, लिहून बघा, नाहीतर चाचणीचे दिवस नाव ठरवण्यात जातात. पाच जणांचं छोटं दुकान असेल तर अ‍ॅझ्युअरवर पहिले ५ युजर फुकट आहेत आणि स्टेकहोल्डर म्हणून नुसतं बघणारे, थोडंफार लिहिणारे कितीही, तिथे एक इन्हेरिटेड प्रोसेस करून खेळून बघा. चार लेव्हलमध्ये भागलं तर प्रीमियमचा विषयच काढू नका.